मॅडम, संदेश कुठं लिहू?

नववीतला तो मुलगा कार्डशीट दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता, चित्राची बाजू स्वतःकडे करून. बघू दे म्हटल्यावर त्याने ते सावकाश वळवलं. कागदभर एक भिंत होती. फिकट गुलाबी रंगाची, वर खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर, खाली विटांचे थर लावून उंच केलेला लोखंडी पलंग, आणि भिंतीच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक मातकट रेघ. रेघेच्या वरचा गुलाबी स्वच्छ, खालचा मळलेला, पोपडे धरलेला. चित्रात माणूस नव्हता, झाड नव्हतं, पाणीसुद्धा नव्हतं. मी बघतच राहिले. तेवढ्यात त्याने विचारलं, "मॅडम, यात संदेश कुठं लिहू?"

मी त्या शाळेत शिक्षिका नाही. माझी नणंद तिथे चित्रकला शिकवते. जानेवारीतल्या आंतरशालेय चित्रप्रदर्शनासाठी तिला दिवाळीपासून दर शनिवारी कुणीतरी हाताखाली हवं होतं. पाण्याचे मग भरायचे, ब्रश धुवायचे, वाळत घातलेल्या कागदांवर दगड ठेवायचे, एवढं माझं काम. विषय वरून ठरून आला होता, 'निसर्ग आणि समाज', आणि नियमांच्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की चित्रातून सामाजिक संदेश स्पष्ट झाला पाहिजे. तेव्हा पोराचं काही चुकलं नव्हतं. नियम वाचूनच तो आला होता. ती रेघ कशाची, हे मला विचारावं लागलं नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात जागा झालेल्या कुणालाच विचारावं लागणार नाही. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, आणि एरवी नाक दाबून ओलांडायची ती नागनदी लोकांच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे गल्लीपर्यंतच आलं होतं. या मुलाचं घर काठावरच्या वस्तीतलं. "रंग मारला जी मॅडम आम्ही दोनदा," तो म्हणाला, "पण पावसाळ्यात ओल आली की रेघ वापस दिसते."

मग मी त्याला काय सांगितलं? "मोठ्या मॅडमना विचार."

घरी येऊन भाजी निवडताना ते चित्र डोक्यातून जाईना. म्हणजे चित्र राहिलं बाजूला, तो प्रश्नच जाईना. संदेश लिहायला जागा लागते, ही गोष्ट आपल्या डोक्यात कुणी आणि केव्हा घातली? माझ्या स्वतःच्या शाळेतला पहिला पोस्टर मला लख्ख आठवतो. दोन तळहात, त्यावर पृथ्वी, अर्धी हिरवी अर्धी भेगाळलेली, खाली 'झाडे लावा, झाडे जगवा'. तळहात मला काढता येत नसत, म्हणून वर्गमैत्रिणीने काढून दिले आणि तिच्या पोस्टरवरच्या अक्षरांना सावली मी दिली. या शनिवारांत आलेल्या पहिल्या गठ्ठ्यातही तीच पृथ्वी होती. कुठे तिला ताप आलेला आणि तोंडात थर्मामीटर, कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी. निदान वीस-पंचवीस पृथ्व्या नणंदेच्या टेबलावर एकावर एक पडल्या होत्या. ती म्हणाली, "वहिनी, यातलं एकही पोट्ट्यांनी काढलेलं नाही हो. हे सगळं आपणच काढलंय, त्यांच्या हातून."

देखावा म्हणा, तीच गत. नागपूरच्या पोराला देखावा काढ म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, नदीत शिडाची होडी आणि काठावर नारळाचं झाड. आमच्याकडे डोंगर म्हणावं तर सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी. होडी असलीच तर तलावावर पॅडलची. आणि नारळ पुजेपुरता, किराणा दुकानातला. आजूबाजूला जे खरंच उगवतं ते कुणाच्याच देखाव्यात नसतं. नाल्याकाठची बेशरमाची झुडपं घ्या. नाव असं, पण फिकट जांभळी, कर्ण्याच्या आकाराची किती सुरेख फुलं येतात तिला, तीही जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे. मी शाळेत असताना बेशरमाचं फूल काढून नेलं असतं तर आमच्या सरांनी वरून खालपर्यंत बघितलं असतं.

आमच्या वेळी चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, बस. या परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. वस्तुचित्राच्या पेपरला बादलीचं तोंड लंबगोल का दिसतं हे ज्याला एकदा कळलं, त्याला ते जन्मभर दिसत राहतं. पण स्मरणचित्र नावाचा जो पेपर होता, त्यात स्मरण असायचं ते शिकवणीत पाठ केलेल्या आकृत्यांचं. भाजीबाजार आला तर टोपली घेतलेली पाठमोरी बाई, बसथांबा आला तर पिशवी घेतलेली पाठमोरी बाई, विहीर आली तर घागर घेतलेली तीच बाई. पाठमोरी अशासाठी की चेहरा काढावा लागत नाही. मला बऱ्यापैकी ग्रेड मिळाली त्या बाईवर. हल्ली इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत चित्रकलेला अचानक बरे दिवस येतात आणि दहावी लागली की रंगपेटी माळ्यावर जाते. मधल्या काळातला तासही चित्रकलेचा उरतोच असं नाही. पोर्शन राहिलाय म्हणत गणिताचे सर दाराशी येतात, आणि नणंद खडू खाली ठेवते.

म्हणून तिने शनिवार धरले होते. सुरुवात तिने निसर्गाने केली आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टींवर बंदी घातली, खोडरबर आणि पेटीतली तयार हिरवी वडी. खोडरबराशिवाय पेन्सिल टेकवायला मुलं इतकी घाबरली की अर्धा तास वर्गात नुसती कुजबुज. हिरव्याचं मात्र त्यांना आवडलं. पिवळ्यात निळा किती, मग त्यात जरासा तांबडा टाकला की जुनं पान होतं, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. शाळेच्या आवारातल्या पिंपळाखाली बसून एका मुलीने जाहीर केलं की पानाची मागची बाजू वेगळ्याच हिरव्याची आहे, आणि मग सगळे पानं उलटी करकरून बघायला लागले. पुढे प्रदर्शन झाल्यावर, फेब्रुवारी सरता सरता कोवळी पालवी फुटली तेव्हा तर हिरव्याची गरजच पडेना. पिंपळाचं कोवळं पान तांबूस-गुलाबी असतं, कडुलिंबाचंही तांबडट. एवढी वर्षं मी गुढीपाडव्याला कडुलिंबाचा पाला चावत आलेय आणि त्याचा रंग मला या पोरांच्या कागदावर दिसला.

प्रदर्शनाआधी, डिसेंबरात, तिने त्यांना नाल्याच्या पुलावर नेलं. शिपाईकाका सोबत, रांगेत, नाकाला रुमाल. प्रश्न एकच: पाण्याला कुठला रंग द्यायचा? सगळ्यांचं उत्तर तयार होतं, काळा. मग म्हणाली, पाच मिनिटं बघा आणि सांगा. काळा कुठेच नव्हता. काठाशी शेवाळी करडा, मध्ये साबणाच्या फेसाचा मळका पांढरा, कुठल्या तरी गॅरेजचं ऑइल सुटलेलं तिथे जांभळा-मोरपंखी झाक, आणि एका कोपऱ्यात चक्क निळा. निळा म्हणणाऱ्या मुलाला बाकीचे हसले. पण तो बरोबर होता. डिसेंबरचं स्वच्छ आकाश त्या पाण्यात पडलं होतं. त्याने तसंच काढलं. प्रदर्शनात कुणीतरी म्हणालंच की नदी इतकी सुंदर दाखवली तर प्रदूषणाचा मुद्दा कसा पोचणार.

मुद्द्यांच्या बाबतीत ही मुलं आपल्यापेक्षा जास्त गुंतागुंतीची निघाली, हे मला सांगायलाच हवं. कोराडीच्या बाजूला नातेवाईक असलेल्या एकाने वीजकेंद्राची चिमणी काढली. मला वाटलं, आता काळा धूर आणि खोकणारी माणसं येणार. धूर होता, अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचे ठिपके होते. पण चिमणीतून एक तार निघून कागद ओलांडून एका खिडकीतल्या कूलरला जोडली होती, आणि कूलरसमोर जमिनीवर आजी झोपलेली. "बंद केली चिमणी तर आजीचं काय?" त्याने मलाच विचारलं. मे महिन्यात 45 अंश अंगावर घेतलेल्या माणसाने यावर काय बोलावं? त्याच्या चित्राला एका ओळीचा संदेश लावताच येत नव्हता. नणंद म्हणाली, नकोच लावू.

तिने त्यांना मोबाईलवर चित्रकार चित्तप्रसाद यांची चित्रं दाखवली. 1943 च्या दुष्काळात बंगालमधल्या मेदिनीपूर भागात पायी हिंडून त्यांनी काळ्या शाईने काढलेली माणसं. छोट्या पडद्यावर, पंधरा डोकी एकमेकांवर रेलून बघत होती. त्या चित्रांसोबत त्यांनी माणसाचं नाव, गाव, त्याच्या घरादाराचं काय झालं ते नोंदवून ठेवलं होतं, उपदेश केला नव्हता. "यांना बक्षीस भेटलं का जी?" एकाने विचारलं. इंग्रज सरकारने त्या चित्रांच्या छापील प्रती जप्त करून जाळल्या, असं नणंदेने सांगितल्यावर वर्गात आदराची शांतता पसरली. जाळण्याइतकं चित्र! पृथ्वीला थर्मामीटर लावलेली चित्रं कुणी जाळत नाही, हे त्यांना लगेच कळलं असावं, कारण पुढच्या शनिवारी पृथ्व्या बऱ्याच कमी झाल्या.

पण इथे मला एक गोष्ट खटकत राहिली, आणि ती अजून सुटलेली नाही. चांगलं चित्र म्हणजे स्वतः बघितलेलं चित्र हे खरं, तर मग नाल्याकाठच्या मुलाने स्वतःचा नालाच काढायचा का? प्रदर्शनाच्या आधी एक पाहुणे शाळेत आले होते. सज्जन गृहस्थ, मुलांसाठी रंगपेट्याही आणलेल्या. आठवीतली एक मुलगी धनेश काढत बसली होती. राखी धनेश, तो वाकड्या मोठ्या चोचीचा. महाराजबागेत बघितलेला. वडपिंपळाची फळं खातो, जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवत राहतो, हे सगळं तिला पाठ. एकेक पीस मोजून रंगवत होती. पाहुणे म्हणाले, "छान आहे, पण बाळ, तू वस्तीत राहतेस ना? तिथलं काढ. कचरा आहे, घाण पाणी आहे. ते जास्त भिडतं." मुलीने ब्रश पाण्यात बुडवला, मगच्या कडेला निपटला आणि मान वर न करता म्हणाली, "कचरा ज्यायनं टाकला, त्यायनंच काढावा." पाहुणे हसले. त्यांना वाटलं, ती लाजली.

मला तेव्हापासून वाटतंय की या 'निसर्ग आणि समाज' मध्ये एक न बोललेली वाटणी आहे. इंग्रजी शाळांच्या स्टॉलवर फुलपाखरं, वाघ, पळस, पेंचचं जंगल. आमच्या स्टॉलवर कचरा, दारू पिऊन पडलेला बाप, बालविवाह. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांनी निसर्ग काढायचा आणि ज्यांच्या दारात नाला आहे त्यांनी समाज. आणि बघणाऱ्यांनी दुसऱ्या स्टॉलपाशी जरा जास्त वेळ थांबून चुकचुकायचं. चुकचुकणाऱ्यांत मीही आहेच की. भिंतीवरची रेघ बघून मला जे भरून आलं, त्यात त्या मुलाचं किती आणि माझं किती? त्याच्या दृष्टीने ती घरातली एक भिंत होती. पलंगाखाली विटा अजून का आहेत विचारलं तर म्हणाला, "आता तशीच सवय झाली. खाली आजोबाची पेटी बसते ना."

त्या मुलाचं शेवटी काय झालं, ते सांगते. मोठ्या मॅडमनी, म्हणजे नणंदेने, त्याला चित्तप्रसादांची आठवण करून दिली आणि सुचवलं की संदेशाऐवजी कोपऱ्यात तारीख आणि गल्लीचं नाव लिही. मला हे फार आवडलं. त्याला नाही आवडलं. त्याने दोन दिवसांनी कागद आणला तेव्हा वरच्या स्वच्छ गुलाबी भागात, कॅलेंडरच्या बाजूला, ठळक निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: पाणी वाचवा.

पुराच्या चित्रावर पाणी वाचवा! मी हसू आवरत नणंदेकडे बघितलं. ती मात्र कागद जवळ घेऊन निरखत होती. "अक्षरं बघा, वहिनी." मग मी बघितली. शिरोरेखा कुठे जाड कुठे बारीक, चक्क ब्रशच्या एकेका फटकाऱ्याने ओढलेली. 'णी'च्या वेलांटीला असा बाक, जो छापील टायपात नसतो. त्याचे वडील पेंटर. भिंतीवरचे पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची शायरी, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आल्यावर ते काम बसलं आणि आता ते शटरवरची नावं नि गाड्यांच्या नंबरप्लेटा करतात. दोरीला गेरू लावून ती दोघांनी ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उठते, हे त्याने मला सांगितलं. आणि मग सहज म्हणाला, "पाण्याची रेघ पण तशीच होती जी. दोरी मारल्यावानी." चित्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला रेघ वाटत होती. त्याला अक्षरं वाटत होती. बापाची कला कागदावर उतरवायला त्याला निमित्त हवं होतं, आणि मी त्याला 'नुसतं चित्रच पुरेसं आहे' असं शहाणपण शिकवायला निघाले होते.

तसं बघितलं तर चित्रावर लिहिण्याला नाक मुरडणारी मी, वाढले कुठे? नागपूरच्या महाल भागात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सज्जावर उभी राहून मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघत. काळी आणि पिवळी मारबत बघायला सगळा गाव लोटायचा, आणि त्यांच्यामागून बडगे. बांबूचा सांगाडा, तणस, जुने कपडे, रद्दीचा कागद, वर भडक रंग. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या. आणि गळ्यात पाटी! पाटीशिवाय बडग्या नसतोच. पाटीवरचा मजकूर वाचून लोक पोट धरून हसायचे, आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत पुढे सरकायचे. सव्वाशेहून जास्त वर्षं हे शहर आपले सामाजिक प्रश्न अशा पुतळ्यांतून रस्त्यावर मांडतंय, आणि शाळांच्या भिंतींवर मात्र कुठल्या तरी भलत्याच पुस्तकातली रडणारी पृथ्वी. ती पृथ्वी आणि बडग्याची पाटी यांत फरक काय? मला वाटतं, बडग्या कुणाच्या तरी अंगावर जातो. पृथ्वीची आसवं कुणाच्याच अंगावर जात नाहीत, म्हणून तर ती सगळ्यांना चालते.

प्रदर्शनात भिंतीच्या चित्राला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस दुसऱ्या शाळेच्या वाघाला गेलं. वाघ चांगला होता, खोटं कशाला बोला. धनेशाला काहीच नाही, कारण 'सामाजिक आशय नाही' असा शेरा. मुलीने तो शेरा फोडल्या पेरूसारखा सगळ्यांना वाटला आणि धनेश घरी नेऊन दारामागे चिकटवला. कूलरवाल्या आजीच्या चित्रापुढे थांबून एका बाईंनी मला विचारलं, हे विजेच्या बाजूने आहे की विरोधात? मी म्हटलं, आजीच्या बाजूने आहे.

आता पावसाळा लागलाय आणि शनिवारचा वर्ग पुन्हा भरतोय. नणंदेने या वर्षी पोळ्याला शाळेचा बडग्या करायचं काढलंय. मुख्याध्यापिकांची एकच अट, राजकीय नको. विषयांची यादी फळ्यावर वाढत चालली आहे. रस्त्यातले खड्डे, नायलॉनचा मांजा, रात्रभर मोबाइल. धनेशवालीने उठून सुचवलं, "चित्रकलेचा तास खाणारा गणिताचा जादा तास." टाळ्या पडल्या, आणि हात वर करून घेतलेल्या मतदानात तोच निवडून आला. पाटी कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. नणंद जरा धास्तावली होती, पण गणिताच्या सरांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. ते स्वतः वर्गावर आले, सांगाड्याचा कच्चा आराखडा बघितला आणि म्हणाले, अशाने पोट चपटं होईल, आधी प्रत्येक कडीचा व्यास ठरवा, मग परीघ काढा, मग बांबू किती लागेल ते सांगा. गेले दोन शनिवार चित्रकलेच्या तासाला तेच चाललंय. पोरं वहीत परीघ काढताहेत, सर फळ्याशी उभे आहेत, आणि माझी नणंद मागच्या बाकावर बसून धुसफुसते आहे.